पहिल्याच दिवशी उघडलेली वही

६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या फेएट गावी, व्हिटमर नावाच्या शेतकरी कुटुंबाच्या घरात एक नवा ख्रिस्ती पंथ स्थापन झाला. संस्थापक सदस्य म्हणून सहा जणांची नावे लिहिली गेली. पंथाचा प्रमुख जोसेफ स्मिथ तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्या दिवशी त्याला जो साक्षात्कार झाला असे अनुयायी मानतात, त्याची सुरुवातच अशी आहे की तुमच्यामध्ये नोंद ठेवली जाईल. वर्षभरात जॉन व्हिटमर याला इतिहास लिहिण्याच्या कामावर नेमलेही गेले.

मॉर्मन म्हटले की बहुतेकांना सोन्याचे पत्रे आणि अनेक बायका एवढेच आठवते. दोन्ही गोष्टी खऱ्या इतिहासाचा भाग आहेत आणि दोन्ही पुढे येतीलच. पण सहा जणांचे दोनशे वर्षांच्या आत पावणेदोन कोटी कसे झाले, हे तेवढ्यावरून उलगडत नाही. त्यासाठी या लोकांची दोन सवयींची जोडी पाहावी लागते. एक, प्रत्येकाला काहीतरी काम नेमून देणे. दोन, त्या कामाची नोंद ठेवणे. या नोंदींमुळे पंथ उभा राहिला, आणि तो कुठे कुठे चुकला हेही आज बऱ्याच अंशी त्याच नोंदींतून कळते.

(पंथाचे अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. २०१८ पासून पुढाऱ्यांचा आग्रह आहे की हेच नाव वापरावे. मराठी वाचकाला ओळखीचा शब्द 'मॉर्मन' असल्यामुळे इथे तो ठेवला आहे.)

जोसेफचा जन्म २३ डिसेंबर १८०५ चा, व्हर्मांट राज्यातल्या शॅरन गावचा. घरची परिस्थिती बेताची आणि शेती खडकाळ. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची राख वातावरणात पसरून १८१६ चा उन्हाळा असा काही गारठला की व्हर्मांटमध्ये जूनमध्ये बर्फ पडले आणि पिके गेली. हजारो कुटुंबे पश्चिमेकडे निघाली, त्यांत स्मिथ कुटुंबही होते. ते न्यूयॉर्कच्या पालमायरा गावी आले. गावाजवळून ईरी कालव्याचे काम चालू होते. माणसे, पैसा, छापखाने आणि प्रचारक सगळेच त्या पट्ट्यात लोटत होते. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन यांच्या सभा इतक्या होत की धार्मिक उत्साहाने होरपळून निघालेला प्रदेश असेच नाव त्या भागाला पुढे पडले. घराघरांत मतभेद होते. जोसेफची आई प्रेस्बिटेरियन झाली, वडील मात्र कुठल्याच चर्चला जोडले गेले नाहीत.

यातले कोणते चर्च खरे, हा प्रश्न घेऊन १८२० च्या सुमारास तो रानात प्रार्थनेला गेला आणि त्याला देवाचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. या प्रसंगाची त्याच्या हयातीतली एकापेक्षा जास्त कथने उपलब्ध आहेत. १८३२ चे सर्वांत जुने कथन त्याच्या स्वतःच्या अक्षरात आहे आणि त्यात फक्त प्रभू दिसल्याचे म्हटले आहे. १८३८ च्या कथनात पिता आणि पुत्र अशा दोन व्यक्ती आहेत. श्रद्धावान याला एकाच अनुभवाच्या दोन बाजू समजतात, टीकाकार वाढत गेलेली कथा समजतात. दोघेही ज्यावर वाद घालतात ते कागद मात्र पंथानेच जपले आणि आता छापूनही ठेवले आहेत.

आणखी एक गोष्ट लपवण्यासारखी नाही. त्या काळी न्यू इंग्लंडमध्ये पुरलेले धन शोधण्याचे वेड होते आणि जोसेफ एका विशिष्ट दगडात पाहून धनाची जागा सांगतो अशी त्याची ख्याती होती. १८२५ मध्ये एका शेतकऱ्याने त्याला याच कामासाठी मजुरीवर ठेवले. १८२६ मध्ये बेनब्रिज गावी त्यावरून तो न्यायाधीशापुढे उभाही राहिला. पुढे ग्रंथाच्या भाषांतराच्या वेळी असाच दगड वापरला गेला, हे पंथ आता स्वतःच सांगतो.

ग्रंथाची हकिगत अशी. मोरोनाय नावाच्या दूताने १८२३ च्या सप्टेंबरमध्ये दर्शन देऊन जवळच्या टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांची जागा दाखवली आणि चार वर्षांनी, २२ सप्टेंबर १८२७ रोजी, ते जोसेफच्या हाती आले, असे तो सांगे. आपल्याकडच्या ताम्रपटांसारखे कोरलेले पत्रे, पण कड्यांनी एकत्र ओवलेले. आपण ते पाहिले, अशी साक्ष आधी तिघांनी आणि मग आठ जणांनी दिली. ती ग्रंथाच्या प्रत्येक प्रतीत छापली जाते. भाषांतर करताना जोसेफ दगड टोपीत ठेवी, चेहरा टोपीत झाकी आणि एकेक वाक्य उच्चारी. समोरचा माणूस ते उतरवून घेई.

सुरुवातीचा मुख्य लेखनिक होता मार्टिन हॅरिस, पालमायराचा सधन शेतकरी. १८२८ च्या उन्हाळ्यापर्यंत ११६ पाने झाली. बायकोची समजूत काढायला म्हणून हॅरिसने ती मागून घेतली आणि ती हरवली, कायमची. त्याच दिवसांत जोसेफ आणि त्याची बायको एमा यांचे पहिले मूल जन्मताच गेले. पाने पुन्हा सांगितली नाहीत. तोच काळ दुसऱ्या पत्र्यांवरही थोडक्यात कोरलेला आहे असे सांगून काम पुढे नेले. एकच प्रत असलेला कागद घराबाहेर जाऊ दिल्याची ही शिक्षा होती, आणि धडा नीट घेतला गेला. एप्रिल १८२९ मध्ये ऑलिव्हर काउडरी हा तरुण शिक्षक लेखनिक म्हणून आला आणि जवळपास तीन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त शब्दांचा मजकूर पूर्ण झाला. आता छापखान्यात मूळ हस्तलिखित द्यायचे नाही असे ठरले. काउडरीने सगळ्याची दुसरी प्रत केली आणि छपाईला तीच प्रत, थोडी थोडी, जाऊ लागली.

छापखाना पालमायरातलाच, एगबर्ट ग्रँडिनचा. त्याने आधी नकार दिला होता. पाच हजार प्रतींचे तीन हजार डॉलर, आणि तेही तारण घेऊनच. हॅरिसने शेत गहाण टाकले. त्या गावात पाच हजार प्रती म्हणजे प्रचंड आकडा. सोळा पानांचा एक फर्मा, असे ३७ फर्मे. प्रत्येक फर्म्याचे पाच हजार ताव, हातदाबाच्या यंत्रावर. खिळेजुळारी जॉन गिल्बर्ट याच्या हाती हस्तलिखित आले तेव्हा त्यात विरामचिन्हे जवळजवळ नव्हतीच. तो पाने घरी नेऊन पेन्सिलीने स्वल्पविराम आणि पूर्णविराम घाली आणि मग खिळे जुळवी. म्हणजे आज मॉर्मन ग्रंथात श्वास घ्यायला जिथे थांबतात, त्यातल्या बऱ्याच जागा पंथाबाहेरच्या या माणसाने ठरवलेल्या आहेत. २६ मार्च १८३० रोजी पुस्तक विक्रीला आले. खपले नाही. हॅरिसच्या १५१ एकरांवर पाणी सोडावे लागले.

त्या दोन हस्तलिखितांचे पुढे काय झाले? मूळ प्रत जोसेफने १८४१ मध्ये नॉव्हू गावातल्या एका इमारतीच्या कोनशिलेत ठेवली. आत पाणी झिरपले, आणि १८८२ मध्ये कोनशिला उघडली तेव्हा बराचसा लगदा हाती आला. आज मूळच्या एक चतुर्थांशाहून थोडाच जास्त भाग शिल्लक आहे. छपाईची प्रत मात्र जवळपास पूर्ण वाचली. २०१७ मध्ये पंथाने ती एका भाऊबंद चर्चकडून साडेतीन कोटी डॉलर्सना विकत घेतली.

ग्रंथात काय आहे? इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास जेरुसलेमहून निघालेले एक कुटुंब अमेरिकेत पोहोचते, त्याचे दोन वंश होतात, त्यांच्यात युद्धे होतात, पुनरुत्थानानंतर ख्रिस्त तिथे येतो आणि शेवटी एक वंश नष्ट होतो. त्या इतिहासाचा संकलक मॉर्मन, म्हणून ग्रंथाला ते नाव. पंथाबाहेरचे पुरातत्त्वज्ञ याला प्राचीन इतिहास मानत नाहीत. त्यात येणारे घोडे, पोलाद, गहू कोलंबसपूर्व अमेरिकेत बसत नाहीत, आणि मूळ अमेरिकनांचे जनुकीय नाते आशियाशी लागते. या शतकात ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक बदल झाला. आधी ते लोक मूळ अमेरिकनांचे 'प्रमुख पूर्वज' होते, आता ते 'पूर्वजांपैकी' आहेत. पण एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्याला या पुस्तकाने जे दिले ते वेगळे होते. देव अजून बोलतो, आणि तोही आपल्याच भाषेत, आपल्याच भूमीवर, हा दिलासा त्याला फार मोठा वाटला. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा त्याग कळत नाही.

१८३० च्या हिवाळ्याआधी चार प्रचारक पश्चिमेला निघाले आणि वाटेत ओहायोच्या कर्टलंडमध्ये सिडनी रिग्डन या नामांकित उपदेशकाची मंडळी त्यांच्या बाजूला वळली. काही आठवड्यांत शंभराहून जास्त बाप्तिस्मे झाले. प्रमुख केंद्र तिकडे हलले. पहिले मंदिर २७ मार्च १८३६ रोजी तिथेच अर्पण झाले. घसरणही तिथलीच. बँक काढायची ठरली, नोटांचे साचे आधीच कोरून आले, पण राज्याने सनद दिली नाही. मग संस्थेचे नाव बदलून 'अँटी-बँकिंग कंपनी' केले आणि छापलेल्या नोटांवर 'बँक' शब्दाच्या मागेपुढे जास्तीची अक्षरे शिक्क्याने उमटवली. जानेवारी १८३७ मध्ये व्यवहार सुरू झाले आणि त्याच महिन्यात नोटांच्या बदल्यात नाणी देणे थांबवावे लागले. भांडवल जमिनीत अडकलेले, तिजोरीत चांदी थोडी. त्या वर्षी सगळ्या अमेरिकेत बँका कोसळल्या, त्यात हीही गेली. प्रेषित जोसेफचा शब्द म्हणून पैसे गुंतवलेले लोक उठून गेले, त्यात त्याचे जुने साथीदारही होते.

मिसूरीत परिस्थिती याहून वाईट झाली. इंडिपेन्डन्स गावाभोवती नवे सियोन, म्हणजे देवाचे पवित्र नगर, वसवायचे म्हणून १८३१ पासून मॉर्मन तिथे येत होते. जुन्या रहिवाशांना हे एकगठ्ठा मतदान करणारे, एकगठ्ठा जमीन घेणारे आणि गुलामगिरीच्या राज्यात मुक्त कृष्णवर्णीयांबद्दल बोलणारे लोक नको होते. १८३३ मध्ये छापखाना फोडला, लोकांना हाकलले. १८३८ मध्ये दोन्ही बाजूंनी शस्त्रे निघाली, मॉर्मनांनीही घरे जाळली. २७ ऑक्टोबरला गव्हर्नर बॉग्स याने हुकूम काढला की यांचा समूळ नाश करा किंवा राज्याबाहेर घालवा. तीन दिवसांनी हॉन्स मिल येथे १७ मॉर्मन मारले गेले. तो हुकूम रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. हजारो माणसे थंडीत मिसिसिपी ओलांडून इलिनॉयला गेली. तिथे बसून त्यांनी केलेले काम पाहा. गेलेली शेते, गुरे, घरे, मारहाण यांची शेकडो शपथपत्रे लिहून घेतली, रकमा घातल्या आणि वॉशिंग्टनला पाठवली. भरपाई मिळाली नाही. पण मिसूरीत नेमके काय घडले हे आज माहीत आहे ते बरेचसे या कागदांमुळे.

इलिनॉयमधले नॉव्हू मलेरियाच्या दलदलीत उभे राहिले आणि पाच-सहा वर्षांत अकरा-बारा हजार वस्तीचे झाले, तेव्हाच्या शिकागोच्या तोडीचे. पंथाचे खास विधी बहुतेक इथे आकाराला आले. त्यातला एक म्हणजे मृतांसाठी बाप्तिस्मा. ज्याला जिवंतपणी संधी मिळाली नाही अशा पूर्वजाच्या वतीने जिवंत माणसाने पाण्यात उतरायचे. १८४० मध्ये घोषणा झाली आणि लोक धावतच मिसिसिपीत उतरले. आजीसाठी नातू, काकासाठी पुतणी, जो जवळ असेल तो. कुणासाठी कोण उतरला याची पद्धतशीर नोंद नव्हती. १८४२ मध्ये जोसेफने दोन पत्रे लिहून घडी बसवली. प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी नोंद करणारा डोळ्यांनी पाहत हजर हवा, साक्षीदार हवेत, आणि पुढे पुरुषासाठी पुरुष, स्त्रीसाठी स्त्री असा नियमही झाला. पृथ्वीवर जे लिहिले जाईल तेच स्वर्गात लिहिले जाईल, हा त्यामागचा विचार. पहिल्या दिवशी उघडलेल्या वहीला इथे मोक्षाचे वजन आले.

बहुपत्नीत्वही याच गावातले, पण गुपचूप. त्याचा साक्षात्कार १२ जुलै १८४३ रोजी लिहून घेतला गेला, प्रथा त्याआधीच सुरू होती. जोसेफच्या तीस ते चाळीस बायका होत्या हे पंथाने २०१४ मध्ये जाहीरपणे मान्य केले. त्यात चौदा वर्षांची मुलगी होती आणि आधीच विवाहित असलेल्या स्त्रियाही होत्या. एमाने हे कधी मनापासून स्वीकारले नाही. जून १८४४ मध्ये पंथातून फुटलेल्यांनी 'नॉव्हू एक्स्पोझिटर' नावाचे वर्तमानपत्र काढून हे छापले. एकच अंक निघाला. नगरपालिकेने, म्हणजे महापौर जोसेफने, छापखाना मोडायला लावला. ज्या पंथाचा छापखाना अकरा वर्षांपूर्वी जमावाने फोडला होता त्यानेच हे करावे याचे फार वाईट वाटते. अटक झाली, आणि २७ जूनच्या संध्याकाळी कार्थेजच्या तुरुंगात तोंडाला काळा रंग फासलेल्या जमावाने जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. तो ३८ वर्षांचा होता.

वारस कोण हे स्पष्ट लिहिलेले नव्हते, आणि नोंद नसली की काय होते ते दिसले. रिग्डनने हक्क सांगितला. जेम्स स्ट्रँगने जोसेफचे पत्र दाखवून हक्क सांगितला आणि पुढे मिशिगन सरोवरातल्या एका बेटावर स्वतःला राजा म्हणून अभिषेक करवला. एमा आणि तिची मुले पश्चिमेला गेलीच नाहीत. थोरला मुलगा १८६० मध्ये वेगळ्या शाखेचा प्रमुख झाला, आजची 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' ती. बहुसंख्य लोक मात्र बारा प्रेषितांच्या मंडळामागे, म्हणजे त्याचा प्रमुख ब्रिगम यंग याच्यामागे गेले. यंग सुतार आणि काचकाम करणारा माणूस होता. स्वप्ने त्याने कमी सांगितली, यादी जास्त केली.

फेब्रुवारी १८४६ मध्ये नॉव्हू सुटू लागले. शंभर, पन्नास आणि दहा माणसांमागे एकेक कप्तान अशी रचना साक्षात्काराच्याच भाषेत जाहीर झाली. पुढे गेलेल्यांनी वाटेत शेते नांगरायची, पेरायची आणि पुढे निघायचे. कापणी मागून येणाऱ्यांनी करायची. एप्रिल १८४७ मध्ये पहिली तुकडी निघाली त्यात १४३ पुरुष, ३ स्त्रिया आणि २ मुले होती. विल्यम क्लेटन हा कारकून रोज किती चाललो याच्या अंदाजांना कंटाळला. त्याने एका बैलगाडीच्या चाकाचा घेर मोजला, तो १४ फूट ८ इंच भरला, म्हणजे ३६० फेऱ्यांचा बरोबर एक मैल. चाकाला लाल फडके बांधून तो दिवसभर शेजारी चालत राहिला आणि ४,०७० फेऱ्या मोजल्या. सव्वाअकरा मैल आणि वर २० फेऱ्या. मग ऑर्सन प्रॅटने आराखडा करून दिला आणि ॲपलटन हार्मनने लाकडी दातेरी चाकांचे मोजणीयंत्र बनवले. क्लेटनने पाणी, सरपण, चढ, उतार यांची मैलवार पुस्तिका १८४८ मध्ये छापली. नंतरच्या वाटसरूला त्यामुळे पुढचे पाणी किती मैलांवर आहे ते कळू लागले.

आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जुलैच्या अखेरीस पोहोचल्यावर जमीन इतकी टणक होती की नांगर मोडले. त्यांनी ओढा अडवला, रान भिजवले, मग नांगरले आणि बटाटे लावले. पाणी कुणाच्या मालकीचे नाही, वाटून घ्यायचे, असा नियम झाला. पाटाची पाळी लावणारा माणूस नेमला, आणि अनेक ठिकाणी तंट्याचा निवाडा स्थानिक बिशपकडे. दहा एकरांचे चौक, त्यात सव्वा एकराचे आठ भूखंड, १३२ फूट रुंद रस्ते. शहर आजही याच आखणीवर उभे आहे.

माणसे येत होती ती मुख्यतः ब्रिटनमधून. १८३७ मध्ये लँकेशरच्या प्रेस्टनमध्ये प्रचार सुरू झाला आणि १८५१ पर्यंत तिथे सुमारे ३३ हजार सदस्य झाले, युटापेक्षा कितीतरी जास्त. गिरणीकामगारांना बोट आणि बैलगाडी परवडत नसे म्हणून १८४९ पासून फिरता निधी होता. आधी न्यायचे, मग कमावून फेडायचे. १८५५ मध्ये टोळांनी पिके खाल्ली आणि निधी आटला, तेव्हा यंगने स्वस्त उपाय काढला तो हातगाडीचा. माणशी नऊ पौंड खर्च. पाच जणांमागे एक गाडी, वीस जणांमागे एक तंबू, माणशी १७ पौंड सामान, दिवसाला एक पौंड पीठ.

१८५६ च्या पहिल्या तीन तुकड्या बऱ्यापैकी पोहोचल्या. विली आणि मार्टिन यांच्या शेवटच्या दोन तुकड्या लिव्हरपूलहूनच उशिरा निघाल्या. आयोवात आल्यावर गाड्या तयार नव्हत्या. घाईने बनवल्या त्या ओल्या लाकडाच्या. कोरड्या हवेत ते लाकूड आकसले, धावा सैल झाल्या, लाकडी आसांत वाळू शिरून ते झिजले. वंगणाला चरबी नाही तर साबणसुद्धा वापरला. ऑगस्टच्या मध्यात, अजून हजार मैल बाकी असताना, नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला बैठक झाली. लीव्हाय सॅव्हेज हा वाट माहीत असलेला माणूस म्हणाला की हिवाळा इथेच काढा. बाकीच्यांनी देव राखेल म्हणून निघायचे ठरवले. तोही सोबत निघाला. गाड्यांवर पिठाची जादा पोती चढवली, त्याने गाड्या आणखी मोडल्या. पुढे शिधा कमी करावा लागला, आणि १९ ऑक्टोबरला वायोमिंगमध्ये हिमवादळाने गाठले. यंगला या तुकड्या मागे असल्याचे ४ ऑक्टोबरला कळले. दुसऱ्या दिवशी भरसभेत त्याने प्रवचन बाजूला ठेवून खेचरे, पीठ आणि गाडीवान मागितले आणि ७ तारखेला पहिल्या गाड्या निघाल्यासुद्धा. तरी दोनशेहून जास्त माणसे गेली. वरून आलेला शब्द पाळायची शिस्त दोन्हीकडे दिसते, उशिरा निघण्यात आणि तितक्याच तत्परतेने सोडवायला धावण्यात.

विलीच्या त्या तुकडीत मुंबईत जन्मलेली एक तरुणी होती, एलिझाबेथ झेवियर टेट. नवरा इंग्रजी फौजेतला, आधीच युटाला गेलेला. ती मागून लिव्हरपूलमार्गे निघाली, प्रवासात तान्हे मूल गमावले आणि हातगाडीमागे चालत पोहोचली. पुढे दोघे सीडर सिटीला राहिले. तिच्या या प्रवासामागे होते भारतातले मिशन. १८५१ मध्ये कलकत्त्याला प्रचारक आले, १८५२ मध्ये स्कॉटलंडचा ह्यू फिंडले मुंबईत उतरला. त्याने मुंबईत आणि पुण्याच्या लष्करात काम केले, मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही काढली. हाती लागले ते मुख्यतः गोरे शिपाई आणि त्यांची कुटुंबे. लष्करी अधिकारी आडवे आले, बहुपत्नीत्वाची बातमी आल्यावर इतर मिशनऱ्यांच्या हाती कोलीत मिळाले, आणि मुख्य म्हणजे जो कोणी बाप्तिस्मा घेई त्याला युटाला चला असे सांगितले जाई. १८५६ पर्यंत मिशन गुंडाळले. इथे मुळे धरली नाहीत यात नवल नाही, कारण जो रुजायचा त्याला उपटून न्यायचेच धोरण होते.

सीडर सिटीचे नाव आले की माउंटन मेडोजचे नाव टाळता येत नाही. सप्टेंबर १८५७ मध्ये, अमेरिकेचे सैन्य युटावर चालून येत असताना, तिथल्या मॉर्मन शिबंदीने आर्कान्सातून आलेल्या तांड्यातल्या सुमारे १२० माणसांना शस्त्रे खाली ठेवायला लावून ठार केले. फक्त सतरा लहान मुले राखली. तांड्याला जाऊ द्या, हे यंगचे उत्तर दोन दिवस उशिरा पोहोचले. वीस वर्षांनी एकट्या जॉन ली याला शिक्षा झाली. या दिवसाबद्दल त्या भागातल्या माणसांनी कित्येक वर्षे तोंड आणि वही दोन्ही मिटून ठेवली.

बहुपत्नीत्व १८५२ मध्ये जाहीर झाले होते. त्यावरचा निर्णायक खटला रेनॉल्ड्स या मॉर्मनाचा, निकाल जानेवारी १८७९. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की श्रद्धेला संरक्षण आहे, कृतीला नाही. दाखला दिला तो नवऱ्याच्या चितेवर जळणे धर्मकर्तव्य समजणाऱ्या पत्नीचा. धर्मस्वातंत्र्याच्या अमेरिकी कायद्यात सती असा आला आहे. नंतरच्या कायद्यांनी हजाराहून जास्त पुरुष तुरुंगात गेले, युटाच्या स्त्रियांना १८७० पासून असलेला मताधिकार काढला गेला, चर्चची मालमत्ता जप्त होऊ लागली. मंदिरेही जाणार असे दिसल्यावर सप्टेंबर १८९० मध्ये पंथाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी प्रथा थांबवल्याचे निवेदन काढले. १८९६ मध्ये युटा राज्य झाले. गुपचूप लग्ने तरी चालूच राहिली आणि १९०४ मध्ये दुसरे निवेदन काढावे लागले. ज्यांनी तेही मानले नाही त्यांच्या शाखा आजही आहेत, पण त्या या चर्चचा भाग नाहीत. दुसरी जखम वर्णाची. जोसेफच्या काळात एलायजा एबल या कृष्णवर्णीयाला पुरोहितपद मिळाले होते. १८५२ पासून ते कृष्णवर्णीयांना बंद झाले आणि जून १९७८ पर्यंत बंदच राहिले. ब्राझीलमध्ये मंदिर बांधून होत आले होते आणि कुणाच्या रक्तात आफ्रिकी अंश नाही हे सांगणे तिथे अशक्य होते, हेही कारणांत होते.

आजचे यंत्र कसे चालते? मूळ घटक वॉर्ड, म्हणजे स्थानिक मंडळी; अनेक वॉर्ड मिळून स्टेक. तुम्ही राहता त्या पत्त्यावरून वॉर्ड ठरतो, आवडीचा निवडता येत नाही. बिशप पगारी नसतो. तो दिवसा दंतवैद्य किंवा शिक्षक असतो आणि साधारण पाच वर्षांनी ते काम दुसऱ्याकडे जाते. पेटी वाजवण्यापासून मुलांच्या वर्गापर्यंत प्रत्येक काम नेमून दिले जाते, त्यामुळे नुसते येऊन बसणारा माणूस फार काळ नुसता बसत नाही. उत्पन्नाचा दशांश द्यायचा आणि वर्षअखेर बिशपसमोर बसून आपली नोंद तपासायची. महिन्यातून एकदा दोन वेळचे जेवण सोडून ते पैसे गरजूंसाठी द्यायचे. मंदिरात जायला दर दोन वर्षांनी मुलाखत आणि ओळखपत्र. तरुण मुले दोन वर्षे प्रचाराला जातात, जोडीनेच आणि बहुधा घरच्या खर्चाने. असे सत्तर हजारांहून जास्त प्रचारक आज जगभर आहेत. प्रत्येकाचा दशांश वहीत असतो, पण चर्चने स्वतःचा तपशीलवार खर्च छापणे मात्र १९५९ नंतर बंद केले. २०२३ मध्ये गुंतवणुकीचे आकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांमागे ठेवल्याबद्दल पन्नास लाख डॉलर्सचा दंड भरावा लागला. सदस्याकडून जी अपेक्षा, ती संस्थेने स्वतः पाळायला हवी होती.

मृतांच्या बाप्तिस्म्यासाठी पूर्वजांची नावे हवीत, म्हणून १८९४ मध्ये वंशावळीची संस्था निघाली आणि १९३८ पासून जगभरची दप्तरे मायक्रोफिल्मवर उतरवली जाऊ लागली. अशी सुमारे २४ लाख रिळे झाली, सॉल्ट लेकजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरातल्या तिजोरीत ती ठेवली आणि आता ती संगणकावर आणली आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यात आहेत. घराण्याचा शोध घेणाऱ्या कुणालाही, धर्म कोणताही असो, हे फुकट पाहता येते, आणि ही फार मोठी देणगी आहे. पण याच उत्साहात नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावेही बाप्तिस्म्यासाठी घेतली गेली. ज्यू संघटनांनी आक्षेप घेतल्यावर १९९५ मध्ये ती थांबवण्याचा करार झाला, तरी नंतर पुन्हा अशी नावे सापडली.

आता आकडे. १९४७ मध्ये दहा लाख, १९९७ मध्ये एक कोटी, २०२४ अखेर पावणेदोन कोटी. त्यात अर्ध्याहून जास्त सदस्य अमेरिकेबाहेरचे. भारतात पहिला स्टेक हैदराबादेत २०१२ मध्ये झाला, २०१८ मध्ये बंगळूरला मंदिर जाहीर झाले. मात्र हा आकडा वाचताना तो कशाचा आहे हे लक्षात ठेवावे. ज्याचा बाप्तिस्मा झाला आणि ज्याने नाव काढून घेतले नाही, तो त्यात धरलेला असतो. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये बेसबॉलच्या संघात घ्यायचे म्हणून शाळकरी पोरांचे बाप्तिस्मे उरकले गेले. लॅटिन अमेरिकेत पुढे दोन-तीन आठवड्यांच्या ओळखीवर तेच झाले. चिलीत चर्चच्या दप्तरी पाच लाखांहून जास्त सदस्य होते, तेव्हा २००२ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील १,०३,७३५ लोकांनीच आपण मॉर्मन असल्याचे सांगितले. लहान मुले सोडली तरी फरक फार मोठा आहे. त्याच वर्षी एका ज्येष्ठ प्रेषिताला तिथे राहायला पाठवावे लागले आणि नंतर अनेक स्टेक एकत्र केले गेले. कारण सरळ आहे. बाप्तिस्मा दोन आठवड्यांत होतो, पण त्या माणसाला काम नेमून देणारा, रविवारी दिसला नाही तर घरी जाऊन चौकशी करणारा वॉर्ड उभा राहायला वर्षे लागतात. तो नसेल तर माणूस निघून जातो आणि नाव वहीत राहते. पत्ता न लागलेल्या सदस्याचे नाव तो ११० वर्षांचा होईपर्यंत काढले जात नाही.